मुख्य पंचाचे सहा खजूर

ज्या माईकवरून आर्याने शिरीषकाकांवर आरोप केला, तो माईक तिला शिरीषकाकांनीच आणून दिला होता. आता बोला.

गोष्ट सौदीतल्या जुबैलची. हिवाळा सुरू झाला, उन्हाची धार बोथट झाली की तिथली मराठी मंडळी शुक्रवारी नमाजनंतर कॉलनीमागच्या सपाट मैदानावर जमतात. बायका डबे आणि चटया घेऊन येतात, पुरुष वाळूवर मॅट अंथरतात आणि क्रिकेट सुरू होतं. लांबवर कारखान्यांच्या चिमण्या पेटलेल्या दिसतात, पण तिकडे कुणी बघत नाही. आठवडाभर तेच बघायचं असतं.

संघ दोनच. 'प्लांट' म्हणजे त्या कारखान्यांमधले इंजिनियर. कप्तान सदानंद, म्हणजे आर्याचे बाबा. 'किनारा' म्हणजे रत्नागिरी-रायगडकडची मंडळी. कप्तान हुसेनमियाँ, ज्यांचं बाजारात खजुराचं दुकान आहे आणि ज्यांची लेक इफरा ही आर्याची जिवाभावाची मैत्रीण. संघ दोनच असल्यामुळे फायनलला कोण पोचणार हा प्रश्न कधीच नसतो. भांडणात कोण जिंकणार, एवढाच असतो. म्हणून तर मुख्य पंच लागतो.

मुख्य पंचाचा शब्द शेवटचा. फायनलला तोच उभा राहतो, हंगामभराचे तंटे तोच मिटवतो. आधीचे मुख्य पंच मागच्या फायनलच्या तोंडावरच नोकरी संपवून कायमचे सांगलीला गेले आणि जागा रिकामी झाली. रीत अशी की एका संघाने नाव सुचवायचं, मग जेवणं झाल्यावर सगळ्यांसमोर 'कुणाची हरकत?' असं विचारायचं आणि हात वर करून निकाल लावायचा. यंदा नाव सुचवायची पाळी प्लांटची होती. सदानंदने नाव दिलं शिरीषकाकांचं.

शिरीषकाका सदानंदच्याच कंपनीत. मागच्या फायनलला ऐनवेळी तेच उभे राहिले होते. गुडघा गेल्यापासून खेळत नाहीत, पंचगिरी करतात आणि ती त्यांना इतकी आवडते की आदल्या दिवशीच पांढरी टोपी धुऊन बाल्कनीत वाळत घालतात. इतर पंच चेंडू मोजायला खडे वापरतात. शिरीषकाका खजूर वापरतात. ओव्हरच्या सुरुवातीला उजव्या खिशात सहा खजूर. एक चेंडू पडला, एक खाल्ला, बी डाव्या खिशात. उजवा खिसा रिकामा झाला की ओव्हर संपली. खजूर अर्थात हुसेनमियाँच्या दुकानातले, हुफूफच्या बागांमधून आलेले.

आणि आर्या? मागच्या हंगामापर्यंत ही मुलगी हजेरीला 'प्रेझेंट' म्हणायची ते पुढच्या बाकालाही ऐकू जायचं नाही. मैदानावर आली तरी गाडीत बसायची, काच वर करायची आणि तिथे मात्र कॉमेंटरी करायची. कुजबुजत, हातवारे करत, अगदी रंगून. ऐकायला एकटी इफरा. मागच्या फायनलनंतर शिरीषकाका पाण्याची बाटली मागायला गाडीशी आले, काचेवर टकटक करणार तोच आतून त्यांना स्वतःच्याच पोटाचं वर्णन ऐकू आलं. पोट धरून हसले. या हंगामात पहिल्याच शुक्रवारी त्यांनी तिच्या हातात माईक आणि लहानसा स्पीकर ठेवला.

"काचेच्या आत हे सगळं वाया जातंय गं. बाहेर ये."

आर्या जी बाहेर आली ती आलीच. दोन महिन्यांत शाळेच्या असेंब्लीत बोलायला लागली, वादविवादात नाव दिलं, बसमध्ये ड्रायव्हरला "यल्ला, चला" म्हणायला लागली. मीनाक्षी, तिची आई, म्हणायची, "हिचा आवाज बंद करायचं बटण शिरीषने दिलंच नाही."

तर त्या शुक्रवारी बिर्याणी झाली आणि किनाऱ्याचा ओपनर उमैर, हुसेनमियाँचा पुतण्या, उभा राहिला. "शिरीषकाकांच्या नावाला कुणाची हरकत?"

सदानंद टाळ्या वाजवायला हात उचलतच होता.

"मला एक विचारायचंय," स्पीकरमधून आवाज आला.

आर्याला खरंच फक्त विचारायचं होतं. मागच्या फायनलमध्ये शेवटून दुसऱ्या ओव्हरला वारा सुटला होता, वाळू उठली होती, सगळे डोळे चोळत होते. ती मात्र काच लावून गाडीत होती आणि एकेक चेंडू बोलत होती. त्या ओव्हरला पाचच चेंडू पडले होते. तेव्हा हे सांगायला तिच्याकडे आवाज नव्हता. आता होता, आणि आता नाही विचारायचं तर कधी?

"काका, त्या ओव्हरला पाचच चेंडू का टाकू दिलेत? किनारा एका रनने हरला होता, म्हणून विचारलं."

चमचे थांबले. मग सगळे एकदमच बोलायला लागले.

"पाच? कोण म्हणतं पाच?" मनीष म्हणाला. हा प्लांटचा बोलर, ती ओव्हर त्यानेच टाकली होती. "माझा खांदा सांगतो, सहा होते."

"खांद्याला विचारायला आलोत का आम्ही?" उमैर म्हणाला. "पोरगी सांगतेय ना. आणि पोरगी कुणाची? तुमच्याच कप्तानाची."

"ती लहान आहे."

"गणितात चौऱ्याण्णव आहेत मला," आर्या माईकवरच म्हणाली.

"आणि आत्ताच का उकरून काढायचं हे?" मनीष म्हणाला. "एवढे महिने गप्प, आणि नाव आलं की आरोप?"

"चोर पकडायला मुहूर्त लागतो का?"

"चोर कुणाला म्हणतोस रे?"

शिरीषकाका उभे राहिले तेव्हा कुठे शांतता झाली. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "आर्या खोटं बोलणारी मुलगी नाही," ते म्हणाले. "याच्यापुढे मला काही बोलायचं नाही." आणि खाली बसले.

झालं. प्लांटची मंडळी म्हणाली, बघा किती मोठं मन. किनाऱ्याची म्हणाली, बघा, कबूल केलं. एकच वाक्य, दोन्ही चटयांवर वेगवेगळं ऐकू गेलं. या सगळ्या गोंधळात तोंड न उघडलेला माणूस एकच होता, हुसेनमियाँ. एरवी पायचीतच्या अपिलासाठी त्यांचा आवाज बंदरापर्यंत जायचा. आज ते ताटातल्या बिर्याणीत काहीतरी शोधत बसले होते.

निकाल पुढच्या शुक्रवारवर गेला.

परतताना गाडीत सदानंदने एसी वाढवला. "माझ्याच मुलीने," तो स्टिअरिंगला म्हणाला.

"चेंडू पाच पडले की सहा, एवढं सांग ना आधी," मीनाक्षी म्हणाली.

"प्रश्न तो नाहीये."

"मग प्रश्न काय आहे?"

"शिरीष आपला माणूस आहे."

"आर्यापण आपलीच आहे," मीनाक्षी म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. आर्या मागच्या सीटवर दोन्ही हातांत माईक धरून बसली होती. तिला वाटलं होतं की प्रश्न विचारला की उत्तर मिळतं. इथे तर प्रश्न विचारल्यावर बाजू मिळाली होती, आणि तीही न मागता.

पुढचा आठवडा व्हॉट्सअ‍ॅपवर गेला. उमैरने आर्याचा फोटो टाकला, खाली लिहिलं, 'सत्याचा आवाज'. घरी कुनाफ्याचा, म्हणजे इथल्या अरबी मिठाईचा डबा पाठवला. पहिल्या दिवशी आर्याला मस्त वाटलं, खोटं कशाला बोला. कुनाफाही छान होता. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर आलं की शिरीषने धाहरानच्या सामन्यातही असंच केलं होतं म्हणे. मग आलं की तो पंचगिरी करताना डुलक्या काढतो. मग, की टोपीखाली इअरफोन असतो आणि सदानंद त्याला फोनवरून सांगतो.

'मी धाहरानबद्दल काहीच म्हणाले नव्हते,' आर्याने लिहिलं. 'मी फक्त एका ओव्हरबद्दल विचारलं.'

'तू घाबरू नकोस बाळा, आम्ही आहोत,' उमैरचं उत्तर आलं.

तिकडे प्लांटवाल्यांचंही चालूच होतं. मनीषने लिहिलं की गाडीच्या काचेतून एकाचे दोन दिसतात. त्यावर इफराने विचारलं की मग पाचाचे दहा दिसायला हवे होते ना काका.

आर्याला मात्र आता कुनाफा आठवला तरी कसंतरी व्हायचं. शिरीषकाकांना मुख्य पंच व्हायचं होतं, किती व्हायचं होतं ते सगळ्या कॉलनीला बाल्कनीतल्या टोपीवरून माहीत होतं. ही टोपी या गुरुवारी वाळत पडली नाही तर ते आपल्यामुळे. आणि आपल्याला बोलायला कुणी लावलं? त्यांनीच.

बुधवारी संध्याकाळी ते खाली गाडी पुसत होते. आर्या सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"काका, रागावलात?"

"स्पीकर चार्ज करून ठेव. मागच्या वेळी शेवटी शेवटी घरघरत होता."

"काका."

त्यांनी फडकं पिळलं. "नाही रागावलो. पाचच पडले असणार, तू म्हणतेस म्हणजे. चुकलं ते माझंच."

"पण का चुकलं? नुसतं तेवढं सांगा, मी सगळ्यांना सांगते."

"ते माझ्या एकट्याचं नाहीये, म्हणून सांगता येत नाही," ते म्हणाले आणि आरसा पुसायला लागले, पुसून झालेलाच.

एकट्याचं नाहीये. म्हणजे आणखी कुणीतरी आहे. आर्या तो शब्द घेऊन दुसऱ्या दिवशी हुसेनमियाँच्या दुकानात गेली. इफरा शाळेनंतर तिथेच गल्ल्यामागे बसून अभ्यास करते, म्हणजे अभ्यास सोडून सगळं करते.

"ती ओव्हर मला म्हणून दाखव," आर्या म्हणाली. इफरा तिची नक्कल फार छान करते. गाडीतली सगळी कॉमेंटरी तिला पाठ.

इफराने मुठीचा माईक केला आणि कुजबुजायला लागली. "मनीषकाका धावत येतायत, वारा त्यांना मागे ढकलतोय, चेंडू पॅडवर, रन नाही. शिरीषकाका एक खजूर खातात. पुढचा चेंडू, उमैरभाईने ढकलला, पळून दोन धावा. शिरीषकाका एक खजूर खातात, पोट म्हणतं आणखी आण. वाळू उडतेय, कीपर दिसेनासा झालाय. अब्बा, म्हणजे हुसेनचाचा, बोलरच्या बाजूला गुडघ्यांवर हात ठेवून वाकलेत. शिरीषकाका पुढे होतात, त्यांच्या खांद्यावर हात ठेवतात, हातात काहीतरी देतात, बहुधा धीर."

"थांब," आर्या म्हणाली. "धीर हातात देतात का?"

"तूच म्हणाली होतीस. मला तेव्हाही वाटलं, काय भारी वाक्य आहे."

आर्याने समोर बघितलं. समोर खजुरांची परडी होती. इफरानेही बघितलं. मग दोघींनी एकाच वेळी मागे बघितलं, कारण मागे खोक्यांच्या रांगेतून कुणीतरी घसा खाकरला होता.

हुसेनमियाँ खोकं टेकवून पुढे आले. "काय गो पोरींनो, तुम्हाला दुसरा विषय नाय?"

"चाचा," आर्या म्हणाली, "तुम्ही सहावा चेंडू खाल्लात का?"

हुसेनमियाँनी दाराकडे नजर टाकली. दारात कुणी नव्हतं. ते स्टुलावर बसले आणि एवढा मोठा माणूस एकदम इफराच्या वर्गातल्यासारखा दिसायला लागला.

"साखरेची गोळी घेतलेली सकाळी, आणि मॅचच्या नादात जेवण राहिलं," ते म्हणाले. "डोळ्यांपुढे अंधारी आली. हात थरथरायला लागले. शिरीषला म्हटलं, एक दे लवकर. त्याने खिशातला काढून दिलान. दोन मिनिटांत मी ठीक."

"आणि त्यांचा खिसा एक चेंडू आधीच रिकामा झाला," आर्या म्हणाली.

"ते मला कुठं ठाऊक? तू गेल्या शुक्रवारी बोललीस तेव्हा डोक्यात उजेड पडला. आपणच आपला चेंडू खाल्ला नि आपणच एका रनने हरलो."

"मग तेव्हाच का नाही बोललात?" इफराने विचारलं.

"तुझ्या आईने काय सांगितलंय? परत एकदा चक्कर आली तर बॅट विकून मिक्सर घेईन. मी शिरीषला शपथ घातली होती, कुणाला बोलायचं नाय. तो बिचारा अजून गप्प आहे."

"मी मुन्नीचाचीला नाही सांगणार," आर्या म्हणाली. तिला तोंडभर सांगायचं होतं, माईकवर, स्पीकर पूर्ण मोठा करून. पण ते शिरीषकाकांच्या एकट्याचं नव्हतं, तसं तिचंही नव्हतं. "पण चाचा, उद्या ते तुमच्यामुळे बाद होतील. आणि माझ्यामुळे. माझा भाग मी बोलले. तुमचा तुम्ही बघा."

हुसेनमियाँनी परडीतले खजूर उगाच सारखे केले. "हल्ली फार बोलतेस गो तू," ते म्हणाले. रागाने नाही.

शुक्रवारी बिर्याणी बरीचशी पातेल्यातच राहिली. प्लांटच्या चटईवर प्लांट, किनाऱ्याच्या चटईवर किनारा, मधल्या वाळूत फक्त कोशिंबिरीचं पातेलं. उमैर भाषण करायला उठतच होता, तेवढ्यात हुसेनमियाँ उठले आणि आर्याजवळ येऊन हात पुढे केला. तिने माईक दिला.

त्यांनी सगळं सांगितलं. गोळी, अंधारी, खजूर, शपथ. शेवटी म्हणाले, "मुन्नी, ऐकलंस नव्हे? आता मिक्सर घे."

मुन्नीचाची चटईवरूनच म्हणाली, "मिक्सर नको. डबा खाल्ल्याशिवाय बॅट हातात दिसू दे, मग बघते." आणि दुपट्ट्याने डोळे पुसले, वाळू गेल्याचं निमित्त करून.

आता खरं तर विषय संपायला हवा होता. संपला नाही. उलटला.

"मी पहिल्यापासून म्हणतोय," उमैर म्हणाला, "शिरीषकाकांसारखा माणूस नाही. खेळाडूचा जीव बघितला त्यांनी. असाच पंच पाहिजे."

"एक मिनिट," मनीष म्हणाला. "म्हणजे मॅच चालू असताना पंचाने किनाऱ्याच्या कप्तानाला खाऊ घातलं? आमच्याविरुद्ध खेळणाऱ्याला?"

"चक्कर आली होती त्यांना."

"ते ठीक. पण नियम म्हणून काही असतं की नाही? ओव्हर पाच चेंडूंची झाली, हे आता सिद्ध झालंय. असा माणूस मुख्य पंच?"

"आणि आत्ताच का उकरून काढायचं हे?" उमैर म्हणाला.

आर्याने हुसेनमियाँच्या हातातून माईक हळूच काढून घेतला. तिला राहवलंच नाही.

"प्रेक्षकहो, मैदानावर बदल झालाय," ती कॉमेंटरीच्या सुरात म्हणाली. "'आत्ताच का उकरून काढायचं' हे वाक्य मागच्या शुक्रवारी मनीषकाकांकडे होतं, ते आज उमैरभाईंनी झेललंय. बदल्यात मनीषकाकांना 'असा माणूस मुख्य पंच' मिळालंय, जवळजवळ न वापरलेलं. दोन्ही टीमनी बाजू बदलल्यात, फक्त चटया बदलायच्या राहिल्या."

पहिली हसली मीनाक्षी. मग मुन्नीचाची. मग हसू एका चटईवरून दुसरीवर गेलं आणि मनीषने कोशिंबिरीत डोकं घातलं.

"आता मी नावं झाकून विचारते," आर्या म्हणाली. "एक पंच. एक खेळाडू, चक्कर आलेला. कोण कुठल्या टीमचा, मी सांगत नाही. पंचाने मोजायचा खजूर त्याला दिला आणि ओव्हर एक चेंडू कमी पडली. चूक झाली का? हात वर करा."

सगळे एकमेकांच्या हातांकडे बघत होते. मग एक हात वर गेला. सदानंदचा. आर्याने बाबांकडे बघितलं. ते तिच्याकडे बघत नव्हते, पण हात खाली आला नाही. त्यांच्यामागून उमैरचा. मग बाकीचे.

"मुद्दाम केली, असं कुणाला वाटतं?"

एकही हात नाही. मनीषचा अर्धा उचललेला होता, पण त्याने तो केसांवरून फिरवला.

"चूक लक्षात आल्यावर सांगायला हवी होती?"

या वेळी सगळ्यात आधी हात वर केला तो स्वतः शिरीषकाकांनी.

"घरी जाऊन डाव्या खिशातल्या बिया टाकताना कळलं," ते उभे राहून म्हणाले. "आधीच्या मैदानातच टाकल्या होत्या, शेवटच्या दोन ओव्हरच्या बारा हव्या होत्या, निघाल्या अकरा. तेव्हाच हुसेनला फोन करून शपथेतून मोकळं करायला सांगायला हवं होतं. नाही केलं. मला हे काम फार आवडतं, जाईल अशी भीती वाटली. माझं नाव मागे घेतलं तरी चालेल."

"मागे कसं घेशील?" हुसेनमियाँ म्हणाले. "नाव प्लांटने दिलंय, मागे घ्यायचं तर प्लांटने घ्यावं. आता मी देतो. किनाऱ्याकडून, शिरीष."

"आणि प्लांटकडून आहेच," सदानंद म्हणाला. "ट्रॉफी या वर्षी दुकानात ठेवा, हुसेनभाई. एका चेंडूचं देणं आहे आमच्याकडे."

"खजुरांमध्ये शोभेल ती," हुसेनमियाँ म्हणाले.

हात वर झाले. किती, ते मोजायची गरज कुणाला वाटली नाही. शिरीषकाकांनी मात्र अट घातली. यापुढे खजूर बंद, खडे चालू. आणि स्क्वेअर लेगला दुसरा पंच, जो वेगळे चेंडू मोजेल.

"दुसरा पंच कोण?" मनीषने विचारलं.

"जिने आत्ता दोन्ही टीमची टर उडवली ती," शिरीषकाका म्हणाले. "यापेक्षा निःपक्ष माणूस मिळायचा नाही. शिवाय गणितात चौऱ्याण्णव आहेत."

अशी आर्या मैदानात उतरली. शिरीषकाकांची जुनी टोपी तिच्या कानांवरून खाली येत होती, खिशात सहा खडे होते आणि पायाखाली ती वाळू, जी तिने एक अख्खा हंगाम काचेतून बघितली होती. माईक इफराकडे गेला. पहिली ओव्हर ती इतकं हळू बोलली की स्पीकरमधून नुसता वाऱ्याचा आवाज आला. दुसऱ्या ओव्हरला मुन्नीचाचीने "जरा मोठ्याने गो" म्हटलं, आणि तिसऱ्या ओव्हरला इफराने मनीषकाकांच्या धावण्याला विमानतळावर बॅगेमागे धावणाऱ्या माणसाची उपमा दिली. आर्याला वाटलं, चला, हिचंही बटण हरवलं.

हुसेनमियाँ बॅटिंगला आले ते डबा खाऊन, पुरावा म्हणून मिशीला डाळ. बोलरच्या बाजूला उभे राहून त्यांनी शिरीषकाकांच्या कानाशी विचारलं, "आहे का एखादा?"

"तुमच्याच खिशात आहेत, चाचा," आर्या स्क्वेअर लेगवरून ओरडली. "चाचीने भरलेत."

ओव्हरचा पाचवा चेंडू पडला. शिरीषकाकांनी सवयीने उजव्या खिशात हात घातला, सवयीने हात तोंडाशी नेला, आणि खडा दातांवर वाजला. अख्ख्या मैदानाला ऐकू आलं, कारण नेमका तेव्हा वारा थांबला होता.

त्यांनी तो खडा डाव्या खिशात टाकला आणि गंभीर चेहऱ्याने आर्याकडे बघितलं. आर्याने टोपी मागे सारली आणि एक बोट दाखवलं. एक चेंडू बाकी.